सासऱ्यांचा मासा आणि सासूबाईंचा गुरुवार

वाचकाचं पत्र:

"ताई, जूनपासून आम्ही शिवाजी पार्कजवळ भाड्याच्या घरात राहतोय. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सासू-सासरे साताऱ्याहून येणार आहेत. बुधवारी सकाळी पोचतील, रविवारी रात्री निघतील. सासरे नोकरीत असताना बरीच वर्षं रत्नागिरीला होते, मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सासूबाई पक्क्या शाकाहारी, मार्गशीर्षातले गुरुवार करतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा नऊ वर्षांचा, काट्याला घाबरतो. नवरा म्हणतो, समुद्र दिसेल अशा एखाद्या महागड्या ठिकाणी सगळ्यांना एकदा नेऊ आणि मोकळे होऊ. मैत्रिणींनी पाठवलेल्या यादीत पंचवीस हॉटेलं आहेत. मी मात्र इथे आल्यापासून बाहेरचं जे काही खाल्लं ते मोबाइलवरून मागवूनच. कुणालाही न दुखावता सगळ्यांना कुठे नेऊ? – एक नवी दादरकर"

प्रिय नव्या दादरकर,

ती यादी आधी बाजूला ठेवा. पाच माणसांचं पोट आणि मन एकाच टेबलावर, एकाच वेळी भरेल असं ठिकाण दादर-माहीममध्ये शोधत बसलात तर कुठेतरी गुळमुळीत पनीर आणि गुळमुळीत पापलेट खाऊन घरी याल. इथे हॉटेल निवडायचं नसतं. आधी वार बघायचा, मग वेळ, मग पदार्थ, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे बुधवार ते रविवार असे पाच दिवस आहेत. एवढ्यात सगळ्यांचं सगळं होईल, फक्त प्रत्येक जेवणाला पाचही जणांनी एकत्र बसायलाच हवं हा हट्ट सोडा.

असं का म्हणते ते सांगते. कागदोपत्री मुंबईची उपनगरं माहीमच्या खाडीपलीकडे सुरू होतात, पण दादरचा मोठा भाग उपनगर म्हणूनच आखला गेला. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये शहराची वस्ती सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा भागात मोकळ्या हवेची वस्ती वसवायला घेतली. शेजारीच गिरणगाव. कोकणातून एकटे आलेले कामगार आणि कारकून महिनेवारीने जेवायचे ते खानावळीत, आणि त्यातल्या कित्येक खानावळी बायका आपल्या घरातच चालवायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी. इथल्या जुन्या जागांची रीत या घरगुती स्वयंपाकातून आलेली आहे. त्या घराला जे चार पदार्थ येतात तेच ते उत्तम करतात. मेन्यूकार्डावर पुढे चायनीज आणि पंजाबी छापलं असेल, तिकडे बघूच नका.

आता वार. बुधवार, शुक्रवार, रविवार हे पुष्कळ मराठी घरांत सामिष जेवणाचे वार. त्यात मार्गशीर्ष म्हणजे गुरुवारी मासे-मटणाची जेवणघरं बरीचशी ओस पडतात, आणि जिथे गिऱ्हाईक कमी तिथे त्या दिवशी ताजं कमीच उतरतं. रविवारी दुपारी उलट. एक वाजता मासळीच्या कुठल्याही नावाजलेल्या जागेबाहेर इतकी गर्दी असते की वेटर तुम्हाला ताटावरून उठवायच्या घाईत असतो. म्हणून सासऱ्यांच्या मुख्य जेवणासाठी शुक्रवारची दुपार धरा, साडेबाराला आत बसा. नवऱ्याला अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला सांगा. महागड्या जेवणाच्या पैशांपेक्षा वडिलांना ही रजा जास्त मोलाची वाटेल.

बुधवारी माणसं प्रवासाने दमलेली असतील, कुठेही नेऊ नका. संध्याकाळी पाचच्या सुमाराला नवऱ्याला छबिलदास गल्लीतल्या श्रीकृष्णचे बटाटेवडे आणायला पाठवा. स्टेशनजवळच्या त्या गर्दीत दुखऱ्या गुडघ्यांचं काही काम नाही. वडे येईपर्यंत तुम्ही बाकीचे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसा. कट्ट्याचा पूर्ण फेरा एक किलोमीटरहून थोडा जास्त आहे, पण सासूबाईंनी चार पावलं टाकून हवं तिथे टेकावं, कट्टा त्यासाठीच आहे. मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं, शिवाजी पार्क हे नाव १९२७ मध्ये आलं. सासऱ्यांना ही माहिती आवडेल, त्या पिढीला जागेचं मूळ जाणून घ्यायला आवडतं.

गुरुवार हा सासूबाईंचा दिवस. तो त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि त्या दिवशी घरात कुणी मासळीचं नावही काढू नका. उपास म्हणून त्यांना घरीच ठेवून बाकीच्यांनी बाहेर जायचं, असं तर मुळीच करू नका. दादर हे उपासाला बाहेर खायचं गाव आहे. गोखले रोडवरच्या प्रकाश शाकाहारी उपहार केंद्रात दुपारी चारच्या आसपास जा, जेवणाची गर्दी ओसरलेली असते. साबुदाणावडा मागवा. वडा आला की लगेच मोडा, बोलत बसू नका. बाहेरचा साबुदाणा फुटून खरपूस झालेला, आत दाण्याच्या कुटाचा आणि बटाट्याचा ओलावा, आणि ही कडक-मऊ जोडी काही मिनिटंच टिकते. तुम्ही तो मोबाइलवरून मागवला असेल तर तुम्ही वडा खाल्लाच नाही असं समजा, डब्यातल्या वाफेने तो रबरी होतो. वड्यानंतर पियूष. श्रीखंड ताकात सैल केलेलं, केशर-जायफळाचा वास असलेलं हे पेय साताऱ्याकडे सहज मिळत नाही. सासूबाईंना नक्की नवं वाटेल, आणि उपासाला चालतं. फक्त एकाला एक पेला घेऊ नका, दोघांत एक पुरतो, फार घट्ट आणि गोड असतो. संध्याकाळी त्यांची पूजा, कहाणी, नैवेद्य घरी होईल, उपास घरच्या जेवणानेच सुटू दे.

शुक्रवारचं मात्र सविस्तर सांगते.

सकाळी नऊच्या सुमाराला सासऱ्यांना आणि मुलाला सिटीलाइटजवळच्या गोपी टँक मंडईत न्या. विकत काही घ्यायचं नाही, आज काय चांगलं आलंय ते बघायचं. रत्नागिरीत वर्षं काढलेला माणूस मंडईत शिरताच कामाला लागेल. बांगड्याचा कल्ला उचलून लालबुंद आहे का बघणं, पापलेटचा कल्ला दाबून पांढरट पाणी येतंय की लालसर ते पाहणं, सुरमईच्या तुकडीवर अंगठा दाबून खळगा राहतो का तपासणं, हे ते नातवाला स्वतःहून शिकवतील. पांढरट पाणी म्हणजे ताजं, लालसर म्हणजे पुढे चला. काट्याला घाबरणारं मूल मासा आधी असा हाताळून बघतं तेव्हा त्याची अर्धी भीती जाते. कोळणींशी मात्र आदराने बोला. घ्यायचं नसेल तर त्यांच्या धंद्याच्या वेळी चार मासे उलटेपालटे करून उभं राहू नका. पाव किलो मांदेली घेऊन फ्रीजमध्ये ठेवलीत तरी बिघडत नाही.

मंडईत जे नजरेत भरलं तेच दुपारी मागवायचं. हॉटेलात बसल्यावर कार्ड उघडण्याआधी वेटरला विचारा, "आज ताजं काय आलंय?" दादरचा जुना वेटर या प्रश्नाला खरं उत्तर देतो, कारण पुढच्या आठवड्यात तुम्ही परत यायला हवे असता. "सगळंच ताजं आहे" असं उत्तर आलं तर बांगडा किंवा बोंबील मागवा, महागाच्या वाटेला जाऊ नका. आणि कार्डावर किमतीच्या जागी "साईजप्रमाणे" लिहिलं असेल तिथे भाव आधी विचारायला लाजू नका. सासऱ्यांसमोर भाव विचारणं कमीपणाचं नाही. बिल आल्यावर आपल्या मुलाचा, म्हणजे तुमच्या नवऱ्याचा, चेहरा उतरलेला बघणं त्यांना जास्त लागेल.

गोमंतक, सचिन, सिंधुदुर्ग, चैतन्य ही नावं तुमच्या यादीत असतीलच. सगळी दादर पश्चिमेलाच आहेत, तुमच्या घरापासून टॅक्सीने पाच-दहा मिनिटांवर. त्यात भांडण लावण्यात अर्थ नाही, वळण वेगळं आहे एवढंच. गोमंतकी हुमणात ओलं खोबरं मिरचीबरोबर गुळगुळीत वाटलेलं असतं, आंबटपणा कोकमाचा, आणि बांगड्याला तिरफळ. तिरफळ वासापुरतं असतं, चावायचं नाही, मुलाच्या ताटातून आधी काढून टाका. मालवणी रश्शात भाजलेल्या मसाल्याचा जोर जास्त. तुमचे सासरे रत्नागिरीला राहिलेत, त्यांना मालवणी वळण जवळचं वाटेल, म्हणून मी चैतन्य किंवा सिंधुदुर्ग सुचवेन. पुढच्या वेळी आले की गोमंतकला न्या.

काय मागवायचं? सासऱ्यांना बोंबील. ताज्या बोंबलात पाणी फार असतं. चिरून, मधला काटा काढून, वजनाखाली दाबून ते पाणी काढावं लागतं, मग मसाला आणि रव्यात घोळून तळायचं. ज्या घराला हे दाबायचं काम नीट जमलंय तिथला बोंबील बोटाने मोडताना वरचं कवच कडकन तुटतं आणि आत मासा लोण्यासारखा असतो. जिथे घाई झाली तिथे रवा सुटून तेलकट लगदा होतो. एक प्लेट मागवली की स्वयंपाकघराची सगळी परीक्षा होते, चांगला निघाला तर पुढचं बिनधास्त मागवा. मुलाला सुरमईची तळलेली तुकडी द्या, तिच्यात मधला एकच मोठा काटा, तो काढला की काम झालं. नाहीतर कोळंबी. कर्ली चवीला उत्तम पण काट्यांचं रान आहे, ती आजोबांनाच मागवू द्या. जोडीला तांदळाची भाकरी. भात आणि सोलकढी शेवटी, आल्याआल्या सोलकढी पिऊन पोट भरू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, सासूबाईंना वगळलं तर त्या दुखावतील का. माझं मत स्पष्ट आहे: शाकाहारी माणसाला मासळीच्या बंद एसी खोलीत दीड तास बसवणं ही दुखावण्याची गोष्ट आहे, घरी विश्रांती देणं नव्हे. मासे खाणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी जन्म काढलाय, नवऱ्याचा आनंद त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ठरवून टाकू नका, सरळ विचारा, "आई, तुम्हाला यायचंय, की आपण दोघी घरी जेवू?" त्या प्रश्नात "आपण दोघी" हे शब्द महत्त्वाचे. त्या घरी थांबल्या तर तुम्हीही थांबा, दोघींनी वरणभात-लिंबू खा आणि दुपारी गप्पा मारा. लग्नानंतर सासू-सुनेला अशी निवांत दुपार फार क्वचित मिळते. आणि त्या येते म्हणाल्या तर मालवणी जेवणघरात त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि भाकरी मागवा. कोकणातलं अस्सल शाकाहारी जेवण आहे, नुसती सोय म्हणून दिलेलं नाही. मात्र तिथे तळलेलं काही त्यांना देऊ नका. कढई एकच असते का, हे विचारल्याशिवाय तर नाहीच.

त्याच संध्याकाळी पाचही जण एकत्र समुद्रावर. चैत्यभूमीजवळ, पावसाचं पाणी जिथे समुद्रात सोडतात त्या पातमुखावर, २०२२ मध्ये माता रमाबाई आंबेडकर स्मृती व्ह्यूइंग डेक झाला. बसायला जागा आहे, समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मावळतीचा सूर्य. तुमच्या नवऱ्याला हवा असलेला समुद्र इथे फुकट आहे, आणि त्यासाठी फिकं सूप प्यावं लागत नाही. तिथून टॅक्सीने कीर्ती कॉलेजपाशी, अशोक वडापाव. वडा आहेच, पण मुलासाठी चुरापाव घ्या. वडे तळताना कढईत सुटलेले बेसनाचे बारीक कुरकुरीत कण लसणाच्या चटणीबरोबर पावात भरतात. तिखट नको असेल तर आधी सांगा, चटणी कमी घालून देतात. वडापावचा जन्म दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांच्या गाडीवर झाला असं सांगतात. हे अशोक वेगळे आणि कीर्ती कॉलेजजवळचे वेगळे, पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सहा डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन, तुमच्या पाहुण्यांच्या मुक्कामात किंवा त्याच्या आगेमागे येईल. त्या दिवशी आणि आधीचे एक-दोन दिवस चैत्यभूमीवर महाराष्ट्रभरातून लाखो माणसं येतात, शिवाजी पार्क त्यांच्यासाठी उभं असतं, रस्ते वळवलेले असतात. त्या दिवसांत डेकवर सूर्यास्त बघायला आणि वडापाव खायला जाऊ नका. जायचंच असेल तर अभिवादनाला जा, पायी जा, मैदानावरच्या पुस्तकांच्या दुकानांतून मुलाला एखादं पुस्तक घेऊन द्या. खाण्याचा फेरा दुसऱ्या दिवशी होईल.

शनिवारी सकाळी आस्वाद, शिवसेना भवनासमोर. पण नऊच्या आत. दहानंतर शनिवार-रविवारी बाहेर नाव लिहून ताटकळावं लागतं आणि गुडघेदुखीच्या माणसाला ते उभं राहणं जड जातं. इथल्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका संस्थेने जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं, तेव्हापासून सगळे मिसळच मागवतात. तुमचे पाहुणे साताऱ्याचे आहेत, त्यांना ही मिसळ सौम्य, किंचित गोडसर वाटेल, आणि "आमच्याकडची बघ" हे सुरू होईल. एक मागवा, पाचांत चाखा. सासूबाईंसाठी दडपे पोहे घ्या, ओल्या नारळात मुरलेले. देशावरच्या कांदेपोह्यांहून हे अगदीच निराळे. थालीपीठ त्या घरी तुमच्यापेक्षा चांगलं करतात, ते मागवू नका. उकडीचे मोदक मिळाले तर मात्र जागेवरच खा.

शनिवारी संध्याकाळी, सासरे शनिवार पाळत नसतील तर, माहीम कोळीवाड्याचा किनारा. महापालिकेच्या मदतीने कोळी महिलांच्या बचत गटांनी २०२३ मध्ये तिथे सीफूड प्लाझा सुरू केला. सुरू आहे का आणि कुठल्या वारी, ते आधी विचारून घ्या, रोज असेलच असं नाही. कोळी जेवण मालवणीपेक्षा वेगळं, नारळ कमी, मसाला आणि लसूण पुढे, भाकरी हातावर थापलेली. चिंबोरी असेल तर सासऱ्यांना घ्या आणि पुढचा अर्धा तास त्यांच्याकडून बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. उघड्यावर वास कोंडत नाही म्हणून सासूबाईही सहज बसू शकतील. त्यांना निघण्याआधी घरून काहीतरी खाऊ घाला. पैसे त्या बायकांच्या हातात जातात ही मला फार मोठी गोष्ट वाटते. या किनाऱ्यावर त्या आपल्या सगळ्यांच्या आधीपासून आहेत.

साधारण याच दिवसांत मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याची जत्रा असते, दर्ग्याजवळच्या गल्लीत कबाब आणि बैदा रोटीचा घमघमाट असतो. नवऱ्याला तिकडे पाहुणे गेल्यावर न्या. धक्काबुक्कीत ज्येष्ठ माणसं नकोत.

मुलाला एखादवेळ डोसाच हवा असेल तर माटुंगा स्टेशनजवळचं रामाश्रय, सकाळी लवकर. त्याबद्दल जास्त लिहायला नको, मुलं ते आपोआप शोधून काढतात.

रविवारी बाहेर जेवू नका. चार दिवसांचं बाहेरचं पुरे झालं, सासूबाईंना स्वयंपाकघराचा ताबा घ्यावासा वाटत असेल तर घेऊ द्या. दुपारी तुम्ही एकट्याच माहीमच्या जोशी बुढ्ढाकाका हलवावाल्याकडे जाऊन या आणि प्रवासाची भेट म्हणून माहीमचा हलवा आणा. पातळ चौकोनी पानं, मध्ये कागद, वर बदाम-पिस्त्याचे काप आणि वेलचीचा वास. काही दिवस सहज टिकतो, साताऱ्याला शेजारीपाजारी वाटता येतो, आणि सासूबाईंनाही चालतो. खोका पिशवीत वरच्या बाजूला आडवा ठेवा, सामानाखाली दबला की पानं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो.